गाठीचे खरे नाव

‘मेंदूतील गाठ’ हे एका व्याधीचे नव्हे, तर अनेक निरनिराळ्या व्याधींचे सामायिक नाव आहे. एमआरआयमध्ये त्यांच्या काही खुणा सरावलेल्या नजरेला ओळखू येतात. मेनिन्जिओमा मेंदूच्या आवरणापासून वाढतो आणि त्या आवरणालगत अनेकदा शेपटीसारखी उजळ रेघ उमटवतो. ग्लायोब्लास्टोमा मेंदूच्या आतच पसरतो. मधोमध मृत पेशींचा गाभा आणि भोवती ओबडधोबड उजळ कडे, असे त्याचे नेहमीचे रूप. ऑलिगोडेंड्रोग्लिओमात पुष्कळदा कॅल्शियम साचलेले आढळते. मेड्युलोब्लास्टोमा प्रामुख्याने मुलांच्या लहान मेंदूत उद्भवतो. डोकेदुखी, सकाळची उलटी आणि चालताना जाणारा तोल ही त्याची चाहूल.

परंतु रूप फसवे असते. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या दोन गाठींची पुढील वाटचाल अगदी भिन्न असू शकते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात जनुकीय खुणांना निर्णायक स्थान मिळाले. आयडीएच जनुकात बदल असेल आणि १ व १९ या गुणसूत्रांचे ठरावीक भाग एकत्रच गळालेले असतील, तर ती गाठ ऑलिगोडेंड्रोग्लिओमा ठरते. ‘ग्लायोब्लास्टोमा’ हे नाव आता प्रौढांमधील, आयडीएच न बदललेल्या गाठींसाठीच राखलेले आहे.

मेड्युलोब्लास्टोमाचेही चार प्रमुख गट आहेत: डब्ल्यूएनटी, एसएचएच, गट ३ आणि गट ४. ते ओळखण्यासाठी खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत रिअल-टाइम पीसीआरवर आधारित चाचणी विकसित झाली. फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणात बसवलेल्या नमुन्यांवर ती करता येते, आणि रुग्णालयांत सामान्यतः असेच नमुने जतन केलेले असतात.

ही ओळख मुलांसाठी मोलाची आहे. प्रचलित उपचारांनी डब्ल्यूएनटी गटातील १० पैकी ९ हून अधिक मुले बरी होतात. मात्र संपूर्ण मेंदू आणि कण्यावर दिलेल्या किरणांनी पुढे त्यांची वाढ खुंटू शकते, स्मरण व शिकण्याची क्षमता मंदावू शकते. म्हणून टाटा स्मारक केंद्राने एका चाचणीत या गटातील मोजक्या मुलांना शस्त्रक्रियेनंतर केवळ गाठीच्या जागेपुरते किरण दिले. काहींमध्ये आजार मेंदू-मज्जारज्जूच्या इतर भागांत परतला आणि चाचणी वेळेआधीच थांबवण्यात आली. आता तेथील संशोधनाचा रोख किरणांचे क्षेत्र कायम ठेवून मात्रा घटवण्याकडे आहे.

उपचार कोणासाठी सौम्य करता येतील, हे जनुकीय ओळख सुचवते. ते किती सौम्य करावेत, याचे उत्तर मात्र अशा सावध, वेळीच थांबण्याची तयारी ठेवणाऱ्या चाचण्यांतूनच मिळते.