सत्त्याहत्तरचा राग, आजचा राग
१९७७ च्या मार्चमध्ये आमच्या पुण्यात कुणाचं मत कुणाला, हे विचारावं लागत नव्हतं. आणीबाणीत लोकांनी एकोणीस महिने जीभ आवरली होती. निवडणूक जाहीर झाली आणि जीभ सुटली. पु. ल. देशपांडे जनता पक्षासाठी सभा घेत होते, तुरुंगातून सुटलेले कार्यकर्ते बोलत होते. सभेत झोळी फिरायची. एकदा आमच्या पुढे बसलेल्या म्हाताऱ्याने कनवटीची रुपयाची नोट काढली, नीट उलगडली आणि झोळीत टाकली. जाहीरनामा त्याने वाचला नसणार. त्याचा राग खरा होता, तेवढं पुरेसं होतं.

तेव्हाचे लोक डोक्याने मत द्यायचे, असं मी म्हणणार नाही. सत्त्याहत्तरला जनता पक्षाच्या नांगरधारी शेतकऱ्यावर शिक्का मारणारी माझी आजी १९८४ मध्ये, इंदिराजींच्या हत्येनंतर, काँग्रेसच्या पंजावर शिक्का मारून आली आणि दिवसभर जेवली नाही. देशभर असंच झालं. काँग्रेसला चारशेहून अधिक जागा मिळाल्या.

पण त्या भावनेला वारा लागायचा. सभेहून आलं की वाड्याच्या ओट्यावर वाद. शेजारचे काका पक्के काँग्रेसवाले. “गाड्या वेळेवर धावत होत्या की नाही?” ते विचारायचे. वडील म्हणायचे, “आणि माणसं कुठे होती?” आवाज चढायचे. सकाळी विरजण मात्र काकूंकडूनच यायचं.

२०१९ मध्ये साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलत राहिले, ते मी मोबाइलवर पाहिलं आणि गलबलून आलं. तीन दिवसांनी मतदान होतं. लोकसभेच्या पोटनिवडणुकीत पवारांची साथ सोडून गेलेले उदयनराजे पडले. तिथे निदान भिजणारी माणसं एकमेकांना दिसत होती. मला भीती वाटते ती रात्री अकराला एकट्याच्या हातात येणाऱ्या व्हिडिओची. कायद्याने मतदान संपण्याआधीचे ४८ तास जाहीर प्रचार थांबतो, मोबाइल थांबत नाही. मला काय आलं ते शेजाऱ्याला माहीत नसतं, त्याला काय आलं ते मला. गणपतीला नातेवाईक जमले की कुणीतरी आधीच बजावतं, राजकारण नको.

गेल्या विधानसभेच्या वेळी मी शेजाऱ्यांना मुद्दाम चहाला बोलावलं. वाद झाला, चांगलाच झाला. मत त्यांचं बदललं नाही, माझंही नाही. पण त्यांच्या रागामागे मुलाची गेलेली नोकरी आहे, हे मला त्या संध्याकाळी कळलं.