मान द्यावा, मान द्यावी

थोरामोठ्यांना मान द्यावा, असं आपल्याला शाळेपासून शिकवलेलं असतं. आपण तो देतोही. साहेबांना देतो, सासऱ्यांना देतो, लग्नात नवऱ्या मुलाच्या मामांना तर त्यांनी रुसायच्या आतच देतो. पण मराठी व्याकरण मोठं मिस्किल आहे. मान द्यावा तो शंभर जणांना. मान द्यावी ती मात्र एकालाच. तीही हनुवटी वर करून, डोळे मिटून, आणि समोरचा माणूस हातात वस्तरा घेऊन उभा असताना! इतका विश्वास आपण बायकोवरही टाकत नाही.

आता, सुखवस्तू वाचकहो, तुम्ही म्हणाल, हे वस्तऱ्याचं काय मध्येच? तर आमच्या रहिमतपूरचं असं आहे, की गाव पुणे-मिरज रेल्वेमार्गावर असलं तरी इथल्या सवयी पॅसेंजर गाडीने चालतात. शेजारून कमंडलू नदी वाहते आणि तिलाही घाई नाही. नाटककार वसंत कानेटकर इथे जन्मले, त्यामुळे नाट्याचा तुटवडा गावाला नाही. आमच्या घरातलं ताजं नाट्य वडिलांच्या दाढीवरून घडलं.

वडील, म्हणजे अण्णा, ऐंशीच्या पुढे आहेत. हात कापतो, पण हुकूम कापत नाही. गेली बत्तीस वर्षं त्यांची दाढी एक दिवसाआड एकच कारागीर करायचे. गाव त्यांना मामा म्हणतं. ते घरी येत, अण्णांचा स्वतःचा वस्तरा ट्रंकेतून निघे, आणि अर्धा तास गावातल्या जन्ममृत्यूंची नोंद होई. पण यंदा मामांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. आमच्या घराच्या सात पायऱ्या त्यांना हिमालय झाल्या.

आम्ही पर्याय सुचवले. सलूनमधला मुलगा बोलावला. त्याने खिशातून अर्धं ब्लेड काढून दांड्यात सरकवलं. अण्णा म्हणाले, "हे ब्लेड आहे. वस्तरा कुठाय?" तो बिचारा योग्यच करत होता. १९८६ साली भारतात एड्सचे पहिले रुग्ण आढळले, आणि पुढे एकाच पात्याने सगळं गाव भादरणं धोक्याचं आहे हे लोकांना पटत गेलं. दर गिऱ्हाइकाला नवं पातं, हा शहाणपणाचा नियम. पण अण्णांचा वस्तरा अण्णांपुरताच, त्यामुळे त्यांचा युक्तिवाद कायद्यात बसत होता. मग चिरंजीवांनी विजेवर चालणारं यंत्र आणलं. अण्णांनी ते कानाशी धरलं आणि "भुंगा आहे, सोडून द्या बाहेर" म्हणून परत केलं.

शेवटी घराची सर्वसाधारण सभा भरली आणि मी वस्तरा शिकावा असा ठराव एक विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाला. तो एक कोण, हे सांगायला नको. सौभाग्यवती एवढंच म्हणाल्या, "अहो, माकडाच्या हाती कोलीत दिलेलं ऐकलं होतं. जपून हं!"

मी बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून. आकड्यांवाचून मला काही सुचत नाही, म्हणून आधी थोडा अभ्यास केला. अमेरिकेत किंग जिलेट नावाचा एक फिरता विक्रेता बाटल्यांची बुचं विकायचा. लोक वापरून टाकून देतील आणि पुन्हा विकत घेतील अशी वस्तू काढ, असा सल्ला त्याला मालकाने दिला होता. त्यातून त्याने पात्याचा सेफ्टी रेझर काढला. १९०३ साली विकले गेले ५१ रेझर आणि १६८ पाती. आमच्या बँकेने तेव्हा त्याला कर्ज नाकारलं असतं. १९०४ साली ९० हजारांवर रेझर गेले! पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या सामानात तो रेझर गेला आणि जगातला पुरुष आपली दाढी आपणच, आरशासमोर एकटा उभा राहून, करू लागला. सोय मोठी झाली. फक्त दाढी करताना गप्पा मारायला कोणी उरलं नाही.

शिकवणी मामांच्या ओट्यावर सुरू झाली. मला वाटलं, पहिल्या दिवशी फेस, दुसऱ्या दिवशी दाढी. पण आठ दिवस मामांनी मला फक्त चामड्याचा पट्टा दिला. एक टोक खिळ्याला, दुसरं डाव्या हातात, आणि वस्तरा त्यावर खालीवर. "पाठ म्होरं, धार मागं," मामा म्हणाले. "आणि उलटा करताना पाठीवरनं उलटायचा. धारंवरनं उलटलात तर पट्टाबी गेला आन् वस्तराबी." धार ही लोखंडाची अगदी बारीक किनार असते. दाढी करताना ती जराशी मुडपते, आणि चामड्यावर घासली की पुन्हा सरळ होते. दगडावर वस्तरा लावायचा तो अधूनमधून, पट्ट्यावर मात्र दर खेपेला. बँकेत गिऱ्हाइकं मला रोज धारेवर धरतात. धार मी धरायची ही पहिलीच वेळ होती.

नवव्या दिवशी मडकं आलं. मडक्याला साबणाचा फेस लावायचा आणि ओरखड्याचा आवाज न करता काढायचा. मग फुगा आला. फुग्याचं वैशिष्ट्य असं, की तो चूक पोटात घालत नाही. तिसऱ्या फुग्यापर्यंत शेजारच्या पोरांनी ओट्यासमोर तळ ठोकला होता आणि प्रत्येक स्फोटाला टाळ्या पडत होत्या.

त्यानंतर माझाच गाल. गरम पाण्याचा टॉवेल, कारण भिजलेला केस मऊ होतो. मग भरपूर फेस. डाव्या हाताने कातडी ताणायची. पातं गालावर निजवायचं नाही, उभंही करायचं नाही. जेवणानंतर खुर्चीत पेंगणाऱ्या माणसाइतकं कललेलं ठेवायचं. पुस्तकी हिशेबात साधारण ३० अंश. चालवायचं ते केसांच्या दिशेने, आणि आडवं चुकूनही सरकवायचं नाही. "दाबू नगा," मामा म्हणत. "वस्तऱ्याला वजन हाय त्याचं त्याला. तुम्ही फकस्त वाट दावा." पहिल्या आठवड्यात माझ्या हनुवटीवर तुरटीचा खप इतका वाढला, की बँकेत शिपायाने हळूच विचारलं, "साहेब, घरी सगळं ठीक ना?"

शिकता शिकता बोलणं व्हायचं. बर्ट्रांड रसेल यांच्या नावावर एक प्रसिद्ध कोडं आहे: गावात जे स्वतःची दाढी करत नाहीत त्या सर्वांची, आणि फक्त त्यांचीच, दाढी गावचा नाभिक करतो, तर त्याची दाढी कोण करतो? तो स्वतः करत असेल तर त्याने करायला नको, आणि करत नसेल तर करायलाच हवी. गणितवाल्यांची डोकी याने बरीच पिकली. मी ते मामांना घातलं. मामा म्हणाले, "त्यात काय? पेठेतला माझी करायचा, मी त्याची. आइतवारी." जगातलं तर्कशास्त्र एका रविवारात निकालात निघालं!

बलुत्याचंही त्यांनीच सांगितलं. त्यांच्या वडिलांच्या काळी वर्षभर दाढ्या करायच्या आणि सुगीला धान्य घ्यायचं. म्हणजे सेवा आधी, वसुली नंतर, तारण शून्य, आणि थकबाकीदार नेहमी आमच्यासारखे. मी मनातल्या मनात व्याज लावून पाहिलं आणि आकडा फार होऊ लागला तसा हिशेब सोडून दिला.

आणि हा हात नुसता चालणारा नव्हता, थांबणाराही होता. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन यापुढे करायचं नाही असं त्यांनी ठरवलं. शिकलेसवरलेले लोक त्या प्रश्नावर व्याख्यानं देत होते, तेव्हा या माणसांनी स्वतःची मिळकत बाजूला ठेवून वस्तरा मिटला. वस्तरा धरायला मी दोन महिन्यांत शिकलो. तो कुठे मिटायचा हे शिकायला किती लागतं, कोण जाणे.

अखेर परीक्षेचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी माझी छाती धडधडत होती, ते मामांनी ओळखलं. "अवो, परतापगडावर म्हाराजांनी जिवा महालावर जीव सोपवला. आमच्यातलाच गडी. तुमच्या अण्णांच्या गालाचं काय घिऊन बसलाय?" १६५९ सालचा तो दाखला ऐकून मला धीर यायला हवा होता. पण जिवा महालाने काही मडक्यावर शिकून सय्यद बंडाला गाठलं नव्हतं.

इथे अण्णांचा स्वभाव सांगायला हवा. मी रोज लाखांच्या नोटा मोजतो. तरी पेन्शनचे पैसे मी आणून दिले की अण्णा चष्मा लावून ते दोनदा मोजतात. माझ्या प्रगतिपुस्तकापासून लग्नाच्या याद्यांपर्यंत माझं एकही काम त्यांनी फेरतपासणीशिवाय सोडलेलं नाही. सत्तेचाळीस वर्षांचा झालो, पण शिल्लक अजून जुळायचीच आहे.

त्या सकाळी मी फेस लावला, वस्तरा उघडला. अण्णांनी एकदा पात्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी म्हटलं, आता प्रश्न येणार. पण त्यांनी काही विचारलं नाही. मान मागे टेकली, हनुवटी वर केली आणि डोळे मिटले. गळ्यावरची सैल कातडी मी बोटाने ताणली, तेव्हा आतली शीर उडताना दिसत होती. इतक्या जवळून मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. डाव्या कानाखाली एक जुना व्रण आहे, हे मला त्या दिवशी कळलं. माझा हात कापला नाही. मधेच एक बारीक आवाज आला आणि मी दचकून थांबलो. अण्णा घोरत होते.

तोंड पुसल्यावर ते जागे झाले. तळवा गालावर खालून वर फिरवला, आरसा मागितला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "उजवा कल्ला खाली आहे." मग आरसा परत देत म्हणाले, "परवा बँकेतून जरा लवकर ये."

मी वस्तरा पुसला, तेलाचं बोट फिरवून मिटला आणि तसाच मामांकडे गेलो. ते ओट्यावर वाटच पाहत होते.

"काय म्हनलं अण्णा?"

"म्हणाले, उजवा कल्ला खाली आहे."

मामा खूश होऊन हसले. "मग पास झालासा. मला बत्तीस वर्सं हेच म्हनत्यात."