दीपमाळ आणि धक्का

चित्रातील गाव ओळखू आले नाही, की सरकारी नोकराचे मन अस्वस्थ होते. गाव म्हटले की त्याला तालुका हवा, जिल्हा हवा. लूका कार्लेव्हारिस या इटालियन चित्रकाराच्या एका तैलचित्राची छापील प्रत पाहताना माझे असेच झाले. बंदरात गलबते उभी आहेत, हमाल ओझी उतरवीत आहेत, मागे एक भग्न रोमन कमान आहे. हे बंदर कोठले, म्हणून मी नकाशा उघडला आणि मग शीर्षक वाचले : ‘काल्पनिक बंदर’!

मला फसवल्यासारखे वाटले. कारण हा गृहस्थ मोठा काटेकोर. समुद्रापासून दूर असलेल्या ऊदिने गावी १६६३ साली तो जन्मला, पुढे व्हेनिसमध्ये स्थायिक झाला आणि १७०३ साली त्याने त्या शहराच्या इमारतींची व चौकांची शंभरावर कोरीव चित्रे प्रसिद्ध केली. त्याच हाताने नसलेली बंदरे रंगवावीत? अशा चित्रांना इटालियन भाषेत ‘काप्रिच्चो’, म्हणजे लहर, असेच म्हणतात. त्यांत पुष्कळदा कमान खरी असते, जहाजही खरे असते. खोटा असतो तो त्यांचा शेजार.

या ‘शेजार’ शब्दापाशी मी अडखळलो. आठ बदल्यांत वाढलेल्या माझ्या मुलीला मी कोकणातले आमचे गाव नेहमी सांगत आलो : धक्क्याला लागलेले मचवे आणि धक्क्याच्या वरच देऊळ, त्याची दीपमाळ. गेल्या वैशाखात ती प्रथमच तेथे एकटी जाऊन आली.

“बाबा, धक्का आहे; पण तिथे देऊळ नाही हो. मी सगळ्यांना विचारत होते. लोक हसले.”

ती दीपमाळ माझ्या आजोळची, दोन कोस आत, डोंगरापलीकडची. ती उचलून मी धक्क्यावर केव्हा आणली, हे मलाही सांगता आले नाही.

ते चित्र मी तिच्यापुढे ठेवले. बराच वेळ पाहून ती म्हणाली, “इथे निदान शीर्षकात सांगितलं तरी आहे.”

तिचे खरे होते. इतकी वर्षे मी माझी लहर प्रमाणित नक्कल म्हणून देत आलो होतो. आता तिला गाव सांगताना मी दीपमाळ आजोळीच ठेवतो. धक्का ओकाबोका दिसतो खरा. रात्री, एकटा असताना, मनातले मचवे मात्र अजून तिच्याच उजेडाकडे येतात.