घंटा राहिली, ऑर्गन गेला

भीमाशंकराच्या देवळासमोर एक पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. १७३९च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा घाटावरच्या देवळांत आल्या. मेणवलीला एक आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळावरही आहे.

माझा धंदा जुन्या पायपेट्या, म्हणजे पायाने भाता मारायचे ऑर्गन, दुरुस्त करण्याचा. त्यामुळे घंटा पाहिली की मला चर्चमधलं दुसरं वाद्य आठवतं, नळ्यांचा ऑर्गन. घंटा ओतीव काशाची, दोर ओढला की कुठल्याही देवासमोर वाजते. ऑर्गनला लाकडाची पेटी, चामड्याचे भाते, कथील-शिशाच्या नळ्या, शिवाय भाता मारणारा माणूस आणि सूर लावणारा जाणता हात लागतो. कोकणातल्या दमट हवेत चामडं कुजतं, लाकूड फुगतं आणि उरलंसुरलं वाळवी खाते.

तरीही हे वाद्य आपल्या किनाऱ्यावरून फार लवकर आत गेलं. अकबराने १५७५ साली हाजी हबीबुल्लाला कारागीर देऊन गोव्याला पाठवलं होतं. त्याने आणलेल्या ऑर्गनचं वर्णन इतिहासकार बदायुनीने करून ठेवलं आहे. माणसाच्या उंचीची पेटी, आत बसून तारा छेडणारा एक फिरंगी आणि बाहेर मोराच्या पाच पिसाऱ्यांवर बोटं चालवणारे दोघे, असं ते वर्णन आहे. याला हसणं सोपं आहे. मला मात्र बदायुनीची नजर पक्की वाटते. पिसारे म्हणजे भाते. घड्यांचा भाता एका टोकाने उघडला की पिसाऱ्यासारखाच पसरतो, आणि तो चालवायला वादकाखेरीज वेगळी माणसं लागतातच. तारांचं कोडंही सुटण्यासारखं आहे. अशा वाद्यात कळ दाबली की तारा नि पातळ पट्ट्या खेचल्या जातात आणि नळीखालची झडप उघडते. बदायुनीला त्या दिसल्या असाव्यात. आवाज त्यांचाच, हा तर्क तेवढा चुकला.

मराठी माणसाच्या कानी ऑर्गन बसला तो पुढे, बालगंधर्वांच्या रंगभूमीवर. पण त्यात नळ्या नव्हत्या. पितळी पात्यांची ती पायपेटी. पायाने भाता मारायचा आणि दोन्ही हात सुरांना मोकळे. आपल्या हातपेटीत हवा पात्यांतून बाहेर ढकलली जाते, तर या ऑर्गनमध्ये बहुधा आत ओढली जाते. गोडवा तिथून येतो, असं मी मानतो. नाट्यपदाला लागणारा लांब, न तुटणारा सूर हातपेटीत तसा मिळत नाही, हे माझं ठाम मत आहे.

अशी एखादी पायपेटी तुमच्या माळ्यावर असेल, तर भंगारात देऊ नका. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, ओल आतच कोंडते. भाता फाटलेला असला तरी पाती बहुतेक वेळा शाबूत असतात. आधी जाणकाराला दाखवा.