मध्यस्थ केव्हा दूर व्हावा?

व्यापारात दलाली देणे कोणाला रुचत नाही. तरीही अनोळखी पेठेत पहिला सौदा दलालावाचून होत नाही. स्वयंचलित गिअरच्या मोटारीतील टॉर्क कन्व्हर्टर हा असाच मध्यस्थ होय. इंजिनाची शक्ती तो तेलाच्या प्रवाहातून गिअरबॉक्सकडे पोचवितो. म्हणूनच गिअरमध्ये असलेली गाडी सिग्नलला थांबली, तरी इंजिन बंद पडत नाही. मात्र या व्यवहारात काही शक्ती उष्णता होऊन वाया जाते. ती त्याची दलाली.

१९४९ साली पॅकार्ड कंपनीने आपल्या ‘अल्ट्रामॅटिक’ गिअरबॉक्समध्ये एक क्लच बसविला. गाडीने स्थिर वेग घेतला की तो इंजिन व गिअरबॉक्स यांना थेट जोडी. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचा हिशेब कडक झाला आणि अमेरिकी गाड्यांत ही योजना रूढ होत गेली.

व्यापारी घराण्यातील एक तरुण नोकरीनिमित्त अमेरिकेत राहत असे. त्याच्या जुन्या मोटारीचे इंजिन महामार्गावर पूर्वीपेक्षा जलद फिरू लागले व पेट्रोलचा खर्च वाढला. कारागिराने गिअरबॉक्स उघडण्याचा सांगितलेला खर्च जवळजवळ गाडीच्या किमतीइतका होता. गाडीवाचून नोकरीवर जाणे अशक्य, आणि इतकी रक्कम गाठीशी नव्हती.

त्याने घाई केली नाही. निरोगी गाडीत, इंजिन तापल्यावर व वेग स्थिर असताना, ब्रेकला हलका स्पर्श केला की क्लच सुटतो आणि इंजिनाचे फेरे किंचित वाढतात. येथे काहीच फरक पडेना. म्हणजे क्लच मुळी लागतच नव्हता. पुढे एका रात्री पेडलवर पाय नसतानाही मागचे लाल दिवे जळताना दिसले. तेव्हा उलगडा झाला. पेडलजवळचा स्विच जागेवरून सरकला होता. ब्रेक सतत दाबलेला आहे असे समजून गाडी क्लच लागू देत नव्हती.

त्या गाडीतील स्विच पकडीत पूर्ण आत ढकलून पेडल वर ओढले की स्वतःची जागा घेणारा होता. त्याने तसे केले. पाय काढताच दिवे विझतात व दाबताच लागतात, याची खात्री करूनच गाडी रस्त्यावर आणली. महामार्गावर फेरे पूर्ववत उतरले.

काही जण हा क्लच हाताने लावण्याकरिता निराळे बटन बसवितात. ते बंद करण्याचा विसर पडला, तर गाडी थांबताना इंजिनही बंद पडते. तेल जळकट वासाचे असेल किंवा दोष गिअरबॉक्सच्या आत असेल, तर तेथे जाणत्या कारागिराचीच फी द्यावी. जेथे ज्ञान पुरते, तेथवर हात घालावा. त्यापुढची दलाली हा अपव्यय नसून विमा असतो.