विद्या जुनी, काम नवं

मैत्रिणींनो, लग्नाआधी शिकलेलं सगळं संसाराच्या रगाड्यात गंजून जातं, असं आपण किती सहज म्हणतो! माझा अनुभव जरा निराळा, म्हणून लिहायला बसले.

मला कॉम्प्युटरची एकच भाषा चांगली येत होती, एसक्यूएल. १९७४ साली आयबीएम कंपनीतल्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी ती मांडली. तक्त्यांतल्या नोंदींना प्रश्न विचारायची ही भाषा. दुधाच्या वहीला 'गेल्या महिन्यात खाडे किती?' असं विचारावं ना, तशी! मुलांपायी आठ वर्षं घरी राहिले, मग पुन्हा नोकरी शोधू लागले, तर एका मुलाखतीत ऐकावं लागलं, "नुसत्या एसक्यूएलनं काय होणार? आता मशीन लर्निंग लागतं."

पण २०१८ साली गूगलनं आपल्या 'बिगक्वेरी' नावाच्या माहितीच्या कोठारात एक सोय आणली होती. 'क्रिएट मॉडेल' असं लिहायचं, कोणत्या रकान्याचा अंदाज हवा ते सांगायचं आणि खाली आपलं नेहमीचं 'सिलेक्ट'चं वाक्य. जुन्या नोंदींवरून यंत्र आडाखा शिकतं, मग 'प्रेडिक्ट' म्हटलं की नव्या नोंदीचा अंदाज सांगतं. माहिती कोठाराबाहेर काढायला नको, की दुसरी भाषा शिकायला नको.

सरावाला तिथे अमेरिकेतल्या १९६९ ते २००८ मधल्या पावणेचौदा कोटींहून जास्त जन्मांच्या नोंदी आहेत. आईचं वय, गर्भारपणाचे आठवडे यांवरून बाळाचं वजन किती भरेल, याचा अंदाज करायचा. तिथल्या धड्यात 'मुलगा आहे का?' हा रकानाही घेतात. यंत्रानं तो मुकाट्यानं घेतला असता, पण मी अडले. आपल्याकडे १९९४च्या कायद्यानं गर्भलिंगनिदानाला बंदी आहे. जन्माआधी जे विचारायचंच नाही, त्यावर अंदाज कसा उभारायचा? तो रकाना मी गाळला. 'ॲपगार' गुणही गाळले, ते तर बाळ जन्मल्यावरच देतात! पुढच्या मुलाखतीत हेच करून दाखवलं, आणि काम मिळालं.

करून बघणार असाल तर एक सांभाळा. सहसा जितकी माहिती वाचली जाते, तितकं बिल येतं. तेव्हा सगळा तक्ता न मागता हवे तेवढेच रकाने मागा.

आकडेमोड यंत्र करील, पण काय विचारावं आणि काय विचारू नये, हे ठरवायला जाणतं माणूसच लागतं. ते जाणतेपण घरी बसून कमी होत नाही, बरं का!