हंगामाच्या मध्यावर

2024-25 मध्ये रणजी स्पर्धेचे साखळी सामने दोन भागांत विभागले गेले आणि मधल्या अवकाशात मतमतांतरांना ऊत आला. बालाघाटच्या आम्हा मराठी मंडळींपुढे मात्र पहिला प्रश्न पक्षाचाच असतो. 1956 पर्यंत आमची राजधानी नागपूर, पुढे भोपाळ. पगार आम्ही भोपाळचा घेतला. सोयरीक नागपूर-भंडाऱ्याकडेच राहिली. मार्च 2024 मध्ये उपान्त्य सामन्यात विदर्भाने मध्य प्रदेशास 62 धावांनी हरविले, तेव्हा आमच्या घरात पेढे आणि सुतक एकाच वेळी होते! चंद्रकांत पंडितांचे बरे. त्यांनी प्रशिक्षक म्हणून दोन्ही संघांस विजेतेपद मिळवून दिले.

पारितोषिकांविषयी आमचे मत निश्चित आहे. माधवराव शिंदे पुरस्कार केवळ धावा व बळी मोजतो. खेळपट्टी कशी होती, हे विचारीत नाही. तरीही त्या हंगामात विदर्भाच्याच यश राठोडच्या 960 धावांपेक्षा हर्ष दुबेचे विक्रमी 69 बळी आम्हांस अधिक मोलाचे वाटतात. धावा सामना वाचवितात. निर्विवाद विजयासाठी वीस गडी टिपावेच लागतात. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू दुबेच ठरला. अंतिम सामना मात्र अनिर्णित राहिला आणि करंडक विदर्भास मिळाला, तो केरळवरील पहिल्या डावातील 37 धावांच्या आघाडीवर.